सिनिकांना मुळातून वाचायचं तर: सहाव्या पुस्तकाच्या चार इंग्रजी आवृत्त्या

राजकारणाचा विषय निघाला की “सगळे एकाच माळेचे मणी, कुणीही आलं तरी आपल्याला काय फरक पडतो?” असं म्हणून हात झटकणाऱ्याला आज आपण सिनिक म्हणतो. ज्या ग्रीक मंडळींवरून हे नाव पडलं ती हात झटकणारी नव्हती. त्यांचा लोकांवर, पुढाऱ्यांवर, देवळांच्या कारभाऱ्यांवर विश्वास नव्हता हे खरं. पण हा अविश्वास ते ज्याच्याबद्दल असेल त्याच्या तोंडावर बोलून दाखवत, आणि तसं बोलता यावं म्हणून स्वतःच्या गरजा आधी कमी करून घेत. हे मुळातून वाचायचं असेल तर सर्वांत मोठा साठा एकाच ठिकाणी आहे: डायोजेनिस लाएर्शियसच्या तत्त्वज्ञ-चरित्रांमधलं सहावं पुस्तक. इंग्रजीत ते वाचण्याचे चार चांगले मार्ग आहेत, म्हणजे चार अनुवादक: हिक्स, हार्ड, डॉबिन आणि मेन्श. थोडक्यात निकाल असा: हिक्स फुकट वाचा, हार्ड विकत घ्या, डॉबिन दुसऱ्या फेरीत, मेन्श ग्रंथालयातून.

आधी नेहमीची एक गल्लत दूर करू. डायोजेनिस दोन आहेत. सिनोपीचा डायोजेनिस हा सिनिक, मृत्यू इ.स.पू. ३२३च्या आसपास. डायोजेनिस लाएर्शियस हा चरित्रकार, बहुधा इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातला. दोघांमध्ये पाच-साडेपाच शतकांचं अंतर आहे. चरित्रकाराने जुन्या, आज हरवलेल्या ग्रंथांमधून वेचून हे लिहिलं. एकाच मृत्यूच्या तीन-तीन कथा तो शेजारी शेजारी ठेवतो (कच्चा ऑक्टोपस खाऊन, स्वतःचा श्वास रोखून, कुत्र्यांना ऑक्टोपस वाटताना चावा बसून) आणि निवाडा वाचकावर सोडतो. त्यामुळे ‘डायोजेनिस म्हणाला’ याचा अर्थ बहुतेक वेळा ‘डायोजेनिसच्या नावावर असं सांगत आले आहेत’ एवढाच घ्यावा.

दुसरी व्यवहाराची गोष्ट म्हणजे क्रमांक. सहाव्या पुस्तकात १०५ परिच्छेद आहेत आणि ६.४५ असा उल्लेख आला की तो हे पुस्तक सलग देणाऱ्या कुठल्याही आवृत्तीत सापडतो, कारण हे आकडे समासात छापलेले असतात. पर्सियस या संकेतस्थळावर तोच परिच्छेद ६.२.४५ असा दिसेल. मधला आकडा चरित्राचा, शेवटचा परिच्छेदाचा. समाजमाध्यमांवर डायोजेनिसच्या नावाने फिरणाऱ्या वाक्याखाली हा आकडा नसेल तर ते वाक्य वापरू नका. मराठीत लेख लिहिणाऱ्यांनी तर ही शिस्त पाळायलाच हवी.

पुस्तकाची मांडणी अशी: १ ते १९ अँटिस्थेनिस (सॉक्रेटिसचा शिष्य), २० ते ८१ डायोजेनिस, मग मोनिमस आणि ओनेसिक्रिटस यांच्यावर थोडंसं, ८५ ते ९३ क्रेटिस (डायोजेनिसचा अनुयायी), ९४-९५ मेट्रोक्लिस, ९६ ते ९८ हिपार्किया, पुढे मेनिपस आणि मेनेडेमस, आणि १०३ ते १०५ मध्ये सगळ्या सिनिकांचं समान तत्त्वज्ञान. पहिल्यांदा वाचणारे २० पासून सुरू करतात आणि चाळिसाव्या परिच्छेदाच्या आसपास कंटाळतात. कारण उघड आहे: मधला सगळा भाग एका ओळीच्या किश्शांचा आहे, त्यांना काळाचा क्रम नाही, आणि किस्सा वाचून हसणं झालं की हातात काही उरत नाही.

त्यासाठी क्रम बदलावा. सुरुवात १०३-१०५ पासून करा. सद्गुण शिकवता येतो, साधं जगावं, सिनिक मार्ग हा सद्गुणाकडे जाणारा जवळचा रस्ता आहे, ही त्यांची चौकट तिथे कळते. मग ७० आणि ७१. इथे डायोजेनिस सराव दोन प्रकारचा सांगतो, मनाचा आणि शरीराचा. एकावाचून दुसरा अपुरा, आणि सरावाशिवाय आयुष्यात काहीच साधत नाही. हे डोक्यात ठेवून २० कडे परत आलात की किस्से सुटे राहत नाहीत. उन्हाळ्यात तापलेल्या वाळूत लोळणं आणि हिवाळ्यात बर्फाने झाकलेल्या पुतळ्यांना मिठी मारणं (६.२३) हा विक्षिप्तपणा वाटत नाही, तालीम वाटते. पुतळ्यापुढे हात पसरून भीक मागणंही (६.४९) त्याच तालमीतलं: कुणी नाही म्हटलं तर मन खचू नये म्हणून. तो राहायचा त्या भल्यामोठ्या मातीच्या रांजणाला हिक्स ‘टब’ म्हणतो, त्यामुळे चित्र चुकीचं उभं राहतं. डोळ्यांपुढे धान्याचा किंवा दारूचा रांजण आणावा.

आता राजकारणाचा भाग. हे पुस्तक त्यासाठीच वाचण्यासारखं आहे.

६.८ मध्ये अँटिस्थेनिस अथेन्सवासीयांना सुचवतो की गाढवं म्हणजे घोडे असा ठराव मतदानाने मंजूर करा. लोकांना हे वेडगळ वाटतं. तो म्हणतो, मग तुमच्यात सेनापतीही असेच तर होतात. काही शिकलेले नसतात, फक्त हात वर होतात. आता थेट ६.९२ उघडा. क्रेटिस म्हणतो, सेनापती म्हणजे गाढवं हाकणारे आहेत हे दिसायला लागेपर्यंत तत्त्वज्ञान शिकावं. दोन पिढ्यांचं अंतर असलेली ही दोन वाक्यं एकत्र वाचली की टीकेचा रोख कळतो. निवडून येण्याला ते कमी लेखत नाहीत. निवडून येणं म्हणजे लायकी, हे ते मान्य करत नाहीत. आजचा ‘सगळे सारखेच’ म्हणणारा लायकीचा प्रश्न विचारायचंच बंद करतो, आणि तिथेच त्याची आणि या मंडळींची वाट वेगळी होते.

६.४५ सर्वांत जास्त उद्धृत होणाऱ्यांपैकी. देवळाचा खजिना सांभाळणाऱ्यांचं भांडं कुणीतरी चोरलं, आणि देवळाचे अधिकारी त्याला पकडून नेत होते. डायोजेनिस म्हणाला, मोठे चोर लहान चोराला घेऊन चाललेत. वाक्य छोटं आहे, पण ते कुठे बोललं गेलं ते पाहा. चोर आणि अधिकारी दोघेही समोर आहेत. आपल्या बैठकीत बसून, अधिकारी ऐकणार नाहीत याची खात्री करून केलेली ही शेरेबाजी नाही. ६.४३ मध्ये तर, कायरोनियाच्या लढाईनंतर (इ.स.पू. ३३८) त्याला पकडून मॅसेडोनियाच्या फिलिपपुढे उभं केलं जातं. कोण तू, या प्रश्नाला तो उत्तर देतो: तुझ्या न भागणाऱ्या हावरेपणाचा हेर. कथेप्रमाणे फिलिपला कौतुक वाटलं आणि त्याने सोडून दिलं. दुसरा राजा असता तर काय झालं असतं हे सांगायला नको. ६.५० मध्ये एक हुकूमशहा पुतळ्यासाठी कुठला कांसा चांगला असं विचारतो, आणि उत्तर येतं: ज्यातून हार्मोडियस आणि अरिस्टोगायटन ओतले गेले तो. त्या दोघांनी इ.स.पू. ५१४ मध्ये हुकूमशहा हिपियसचा भाऊ हिपार्कस याला ठार केलं होतं आणि अथेन्सने त्यांचे पुतळे उभारले होते. ही माहिती नसेल तर सबंध वाक्य वाया जातं. आवृत्ती निवडताना टिपा का पाहायच्या, हे या एका परिच्छेदावरून समजावं.

६.६९ मध्ये त्याला विचारलं जातं, माणसांमध्ये सर्वांत सुंदर गोष्ट कोणती? निर्भीड बोलणं, असं तो सांगतो. सिनिकांच्या राजकारणाचा गाभा मला इथेच दिसतो. निर्भीड बोलण्याची अट एकच: ज्याच्याबद्दल बोलायचं त्याच्याकडून तुम्हाला काही नको असलं पाहिजे. प्लेटोशी झालेली खटकाखटकी (६.५८) त्यावरच आहे. डायोजेनिस पालेभाजी धूत असतो. प्लेटो म्हणतो, सिराक्यूजचा हुकूमशहा डायोनिसियस याची मर्जी सांभाळली असतीस तर भाजी धुवावी लागली नसती. डायोजेनिसचं उत्तर: तू भाजी धुतली असतीस तर डायोनिसियसची मर्जी सांभाळावी लागली नसती. हाच किस्सा दुसऱ्या पुस्तकात (२.६८) प्लेटोऐवजी सुखवादी तत्त्वज्ञ अरिस्टिपसबरोबर येतो, आणि तिथे शेवटचा शब्द अरिस्टिपसचा आहे: माणसांत वागायला शिकला असतास तर भाजी धूत बसला नसतास. किस्से एका नावावरून दुसऱ्या नावावर कसे सरकतात याचा यापेक्षा स्वच्छ नमुना नाही.

क्रेटिसवर इंग्रजीतही कमी लिहिलं जातं, म्हणून त्याच्या एका कवितेवर थांबतो. ६.८६ मध्ये त्याची रोजखर्चाची वही पद्यात आहे. स्वयंपाक्याला दहा मिना. वैद्याला एक द्राख्मा. खुशामत करणाऱ्याला पाच टॅलंट. सल्लागाराला धूर. वेश्येला एक टॅलंट. तत्त्वज्ञाला तीन ओबोल. आकडे कळल्याशिवाय ही कविता उघडत नाही. सहा ओबोल म्हणजे एक द्राख्मा, शंभर द्राख्मा म्हणजे एक मिना, साठ मिना म्हणजे एक टॅलंट. म्हणजे स्वयंपाक्याला १,००० द्राख्मा, खुशामत्याला ३०,०००, आणि तत्त्वज्ञाला अर्धा. खुशामत्याचा वाटा तत्त्वज्ञाच्या साठ हजार पट. श्रीमंत घर किंवा दरबार आपला पैसा कुठे घालतो याचा हा हिशेब आहे, आणि सल्लागारापुढे आकडाच नाही हे त्यातलं सर्वांत बोचरं. हे लिहिणारा स्वतः थीब्जचा सधन माणूस. आपली मालमत्ता विकून आलेले सुमारे २०० टॅलंट त्याने गावकऱ्यांत वाटून टाकले असं ६.८७ सांगतं. अलेक्झांडरने थीब्ज इ.स.पू. ३३५ मध्ये जमीनदोस्त केलं. पुढे त्यानेच क्रेटिसला विचारलं, तुझं गाव पुन्हा बांधून देऊ का? क्रेटिस म्हणाला, कशाला? दुसरा एखादा अलेक्झांडर येऊन पुन्हा पाडेल (६.९३).

एक मर्यादा सरळ सांगायला हवी. कारभार कसा चालवावा याची योजना या पुस्तकात मिळत नाही. डायोजेनिस अथेन्समध्ये परका होता, त्याला मत नव्हतं. सिनोपीतून तो नाण्यांच्या भानगडीमुळे बाहेर पडला. त्याचा बाप हिकेसियस सराफीच्या धंद्यात होता आणि नाणी विद्रूप केल्याचा ठपका बापावर की मुलावर, यावर ६.२० आणि ६.२१ मध्येच तीन-चार हकीकती आहेत. सिनोपीची छिन्नीने घाव घातलेली जुनी नाणी खरोखर सापडली आहेत, म्हणून या कथेला थोडा आधार आहे. त्याच नाण्यांच्या काळावरून डायोजेनिस अथेन्सला उशिरा पोचला असावा आणि अँटिस्थेनिसचा शिष्य बहुधा नसावा, असं बरेच अभ्यासक मानतात. कायद्यावरचा ६.७२ हा परिच्छेदही वादाचा आहे. तिथे तो कायद्याची बाजू घेतोय की खोडी काढतोय यावर एकमत नाही. एकाच वाचनात त्याचा अर्थ लावायच्या भानगडीत पडू नये.

आता आवृत्त्या.

रॉबर्ट ड्र्यू हिक्स, लोब क्लासिकल लायब्ररी, १९२५. दोन खंड, आपल्याला हवा तो दुसरा, मालिकेतला क्रमांक १८५, पुस्तकं सहा ते दहा. हिरवं कापडी बांधकाम, डाव्या पानावर ग्रीक, उजव्यावर इंग्रजी. ग्रीक येत नसलं तरी या रचनेचा फायदा होतो: नावं आणि वारंवार येणारे शब्द समोरच्या पानावर ओळखू यायला लागतात. अनुवाद काटेकोर आहे, इंग्रजी शंभर वर्षांपूर्वीचं आणि जरा ताठ. त्याचा खरा दोष संकोच. ६.४६ आणि ६.६९ मध्ये डायोजेनिस भर बाजारात हस्तमैथुन करतो आणि पोट चोळूनही भूक अशीच भागली असती तर बरं झालं असतं असं म्हणतो. हिक्स लिहितो, तो ‘असभ्य वागत’ होता. मग पुढचं वाक्य नीट लागत नाही, आणि लाज ही निसर्गाची की रूढीची हा सिनिकांचा मुख्य प्रश्नच अंधूक होतो. टिपाही तुटपुंज्या. छापील प्रत परदेशातून येते, महाग पडते. पण हाच मजकूर विकिसोर्स आणि पर्सियसवर विनामूल्य आहे. पर्सियसवर पान सावकाश उघडतं, पण ग्रीक आणि इंग्रजी शेजारी ठेवता येतं. सलग वाचायला विकिसोर्स बरं.

रॉबिन हार्ड, ऑक्सफर्ड वर्ल्ड्स क्लासिक्स, २०१२. पैसे खर्चायचे तर इथे. हार्डने सहावं पुस्तक जसंच्या तसं दिलेलं नाही. लाएर्शियस, प्लुटार्क, स्टोबायस अशा अनेक जुन्या लेखकांमध्ये विखुरलेले उतारे गोळा करून विषयवार लावले आहेत. राजे आणि सत्ता, प्लेटो, गरिबी, शरीर असं एकत्र येतं तेव्हा सुटे किस्से आपोआप एका भूमिकेत बसतात. वर सांगितलेला क्रम बदलण्याचा खटाटोप हार्डच्या वाचकाला करावा लागत नाही. भाषा आजची, संकोच नाही, टिपा भरपूर आणि नेमक्या जागी. अरिस्टिपस आणि त्याचा सुखवादी पंथही याच खंडात आहे, म्हणून भाजी धुण्याच्या किश्शाच्या दोन्ही बाजू एका पुस्तकात मिळतात. शेवटी सिनिकांच्या नावावर पुढच्या काळात रचलेली पत्रंही निवडून दिली आहेत. ती खरी नाहीत हे लक्षात ठेवून वाचली तर फार रंजक आहेत.

तोटे दोन. विषयवार रचनेमुळे कुठला उतारा इ.स.पू. चौथ्या शतकाच्या जवळचा आणि कुठला सहाशे वर्षांनंतरचा हे नजरेआड होतं; प्रत्येक उताऱ्याचा स्रोत पाहायची सवय लावली नाही तर सगळंच सारख्या वजनाचं वाटतं. दुसरं, हार्डचे स्वतःचे क्रमांक वेगळे असतात. लेखात उल्लेख देताना हार्डचा क्रमांक न देता मूळ स्रोताचा द्यावा, नाहीतर दुसरी आवृत्ती असलेल्या वाचकाला काहीच सापडणार नाही.

रॉबर्ट डॉबिन, पेंग्विन क्लासिक्स, तेही २०१२. याची कक्षा लांब: डायोजेनिसपासून इसवी सनाच्या चौथ्या शतकातल्या ज्युलियन या रोमन सम्राटापर्यंत. सिनिक माणूस साम्राज्यात कसा वागला हे कळायला हा खंड लागतो. सम्राट व्हेस्पासियनच्या काळात, इ.स. ७५ च्या सुमारास, राजपुत्र टायटस आणि ज्यू राजघराण्यातली बेरेनिसी यांच्या संबंधांवर भर नाट्यगृहात बोलल्याबद्दल डायोजेनिस नावाच्याच एका सिनिकाला फटके मिळाले आणि त्याच्यामागून बोललेल्या हेरासचं डोकं उडवलं, असं इतिहासकार डिओ कॅशियस लिहितो. निर्भीड बोलण्याची किंमत रोममध्ये ही होती. त्याच काळात झोळी, काठी आणि दाढीवर सिनिक म्हणवून घेणारे भोंदूही बोकाळले, आणि उपहासकार ल्युशियन, ज्युलियन यांनी त्यांना झोडपलं. डायोजेनिसबद्दलची सामग्री मात्र इथे हार्डपेक्षा कमी, म्हणून पहिलं पुस्तक म्हणून डॉबिन घेऊ नये.

पामेला मेन्श, संपादन जेम्स मिलर, ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेस, २०१८. दहाही पुस्तकांचा नवा अनुवाद, भरपूर चित्रं, शेवटी अभ्यासकांचे निबंध. अनुवाद ओघवता आणि सुधारलेल्या ग्रीक संहितेवर आधारलेला आहे. पण ग्रंथ अवजड. मांडीवर घेऊन वाचता येत नाही, आणि फक्त सिनिकांसाठी एवढा खर्च करायचं कारण नाही. विद्यापीठाच्या ग्रंथालयात मिळाला तर सहाव्या पुस्तकाची पानं आणि मागचे निबंध तेवढे वाचून घ्या.

भारतीय वाचकासाठी एक धागा सहाव्या पुस्तकात निसटतो. ६.८४ मधला ओनेसिक्रिटस हा डायोजेनिसचा अनुयायी अलेक्झांडरबरोबर तक्षशिलेपर्यंत आला आणि तिथल्या नग्न तपस्व्यांना भेटला. ग्रीक भूगोलकार स्ट्राबोच्या भूगोलात (१५.१.६३ ते ६५) ही भेट आहे. ओनेसिक्रिटसने पायथागोरस, सॉक्रेटिस आणि डायोजेनिस यांच्याबद्दल सांगितलं तेव्हा मंडनिस नावाच्या वृद्धाने त्यांना शहाणं म्हटलं, पण निसर्गापेक्षा रूढीला मोठं मानण्याची त्यांची एक चूक दाखवली. संभाषण तीन दुभाष्यांतून चाललं होतं. लाएर्शियस या भेटीबद्दल अक्षरही लिहीत नाही, म्हणून स्ट्राबो वेगळा उघडावा लागतो. लोबमधला त्याचा जुना अनुवादही आंतरजालावर विनामूल्य आहे.

वाचनगटात एका संध्याकाळी घ्यायचं असेल तर एवढे परिच्छेद पुरतात: ८, ४३, ४५, ५०, ५८, ६९ ते ७१, ८६, ९३ आणि ९६ ते ९८. शेवटचे तीन वगळू नका. हिपार्किया ही थ्रेसमधल्या मारोनियाची, सधन घरातली. आईबाप समजावून थकले तरी तिने क्रेटिसशी लग्न केलं आणि त्याच्यासारखाच वेश करून त्याच्याबरोबर सगळीकडे वावरली. लिसिमॅकस राजाच्या मेजवानीत तिने थिओडोरस या तत्त्वज्ञाला वादात निरुत्तर केलं. त्याच्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून त्याने तिचं वस्त्र ओढायचा प्रयत्न केला. ती गडबडली नाही. मागावरचा धोटा सोडून आलेली हीच का ती, असं त्याने विचारल्यावर ती म्हणाली, हो, मीच ती. मागावर जो वेळ घातला असता तो शिकण्यात घातला, यात माझं काही चुकलं असं वाटतं का तुम्हाला? हा प्रसंग हिक्समध्येही चांगला उतरला आहे.